मुचंडीचं कार्ड

पोस्टकार्डाला दोन बाजू असतात, असं गुरुजी सांगत.
सातूबाईच्या हिशोबानं तीन:
एक पत्त्याची, एक मजकुराची,
आणि एक कडेकडेनं गोल फिरणारी,
जिथं शेजारणींनी आपापलं घुसवायचं.

मी सातवीत. अक्षर बरं, म्हणून माझी धरपकड.
"लिव गे पोरी. भरमाण्णा, हिकडं सगळी खुशाल हाय.
लढाई हाय म्हणून रातचं दिवं बंद.
आदी तरी कुटं दिवं होतं म्हणा,
पण आता सरकारच्या हुकमानं बंद हाईत."

सांबऱ्याचं विमानतळ हाकेवर,
म्हणून ओमाण्णा गाडेकर गस्तीचा मुख्य.
शिट्टी त्याची कबड्डीच्या पंचाची.
चुलीचा उजेड दिसला की फाउल.
भागाण्णाची विडी विझवली,
नागूबाईचं देवापुढचं निरांजन विझवलं,
चांदण्याचं मात्र काही करता येईना,
तेव्हा पारावर तोंड पाडून बसला.

मग वद्य पक्ष आला, काळोख दाटला,
आणि गस्त घालता घालता गाडेकर
सातूबाईच्या म्हशीवर आदळला.
म्हैस काळी. रात्र काळी.
गाडेकरही काही गोरा नव्हे.
तिघांत लागलं एकट्यालाच.

"लिव: गौडतीला कायसुदिक झालं न्हाई."

सकाळी दवंडी. काळ्या जनावरांना पांढरे पट्टे मारावेत.
शाळेच्या भिंतीचा उरलेला चुना आला,
बेळगावात टॉकीजचे बोर्ड रंगवणारा निंगाप्पा आला,
गौडतीच्या अंगावर सात पट्टे ओढले, शिंगांना दोन,
आणि सवयीनं मागच्या मांडीवर
स्वतःची सही ठोकली.

एवढं कार्डावर मावलं.
तळ्यावर बाकीच्या म्हशींनी
तिला पाण्यात उतरू दिलं नाही,
हे कडेनं लिहिलं, वरून खाली,
पत्त्याच्या पोटाखालून वळवून.
आणि अगदी शेवटी, मुंगीच्या अक्षरात:
तू जेवलास काय
प्रश्नचिन्हाला जागा नव्हती.

लढाई चौदा दिवसांत आटोपली.
उत्तराला त्याहून जास्त लागले.

"मी खुशाल. थंडी फार.
स्वेटर पोचला. डोकं कुठून घालायचं ते कळवा."
मधल्या दोन ओळी काळ्या शाईनं खोडलेल्या.
सातूबाईनं त्यांवरून बोट फिरवलं.
"हितं काय असल गे?"
गावाचं नाव असेल, मी म्हटलं. पलटणीचं गुपित.
"छट्. जेवलो म्हणून लिवलं असल.
त्येबी खोडलं मेल्यांनी."

आणि तळाशी, पेन्सिलीनं,
दुसऱ्याच हाताची, कानडी एक ओळ.
गावात कानडी बोलायला सगळे,
वाचायला एक चन्नबसाप्पा दुकानदार.
त्यानं गुळाची ढेप बाजूला सारली,
चष्मा पुसला, घसा साफ केला,
गिऱ्हाइकं तराजूभोवती गोळा झाली.
पत्रं तपासणाऱ्या साहेबानं विचारलं होतं:
म्हशीला शेवटी तळ्यात घेतलं का?

साहेबाचा पत्ता कुणाला ठाऊक?
सातूबाई म्हणाली, भरमाण्णाच्याच कार्डावर लिव.
"भरमाण्णा, हे तू वाचू नको, तपासणाऱ्यासाठी हाय.
साहेब, घेतलं. चुना तिनंच चाटून काढला,
सही तेवडी हाय अजून.
परवा व्याली. रेडकाच्या कपाळावर पांढरा ठिपका.
कोण म्हणतंय चुन्याचा गुण, कोण म्हणतंय रेड्याचा.
तुमी शिकलेली माणसं, तुमीच सांगा.
आणि जेवण वेळेवर करत जावा,
दुसऱ्यांची पत्रं वाचून पोट भरत न्हाई."

कार्ड पेटीत टाकायला गेले,
तर वाटेत गाडेकरनं अडवलं.
शिट्टी नाही, काही नाही.
खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला,
जीभ लावून टोक ओलं केलं,
आणि उरलेल्या कडेला, वाकडंतिकडं:
लागलं मला होतं.
माझं कुणी विचारलं न्हाई.